५०२, ४०३ आणि न बदलणारं पान: एंजिनएक्समधला बिघाड शोधण्याची पद्धत

साइट बंद पडली की नवखा माणूस सगळ्यात आधी कॉन्फिगरेशनची फाइल उघडतो. कुठूनतरी मिळालेली ओळ चिकटवायची, रीस्टार्ट करायचं, नाही जमलं तर दुसरी ओळ. अर्ध्या तासानं मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं. ब्राउझरमधून निघालेली विनंती साधारणपणे चार हातांतून जाते: ब्राउझरचा स्वतःचा कॅशे (उत्तरांच्या साठवलेल्या प्रती), मध्ये असलाच तर सीडीएन (प्रती ठेवणारं सर्व्हरचं जाळं) किंवा लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा), मग एंजिनएक्स (विनंती घेऊन मागे पोहोचवणारा वेब सर्व्हर) आणि शेवटी मागचं अ‍ॅप. दिसणारं उत्तर या चौघांपैकी कोणी दिलं हे ठरेपर्यंत फाइलला हात लावायचा नाही. ते एकदा ठरलं की बहुतेक वेळा दुरुस्ती एका ओळीची निघते.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे हुकूम आणि डायरेक्टिव्ह (कॉन्फिगरेशनमधल्या सूचना) उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत येतात आणि अंडरस्कोर जिथे दाखवला आहे तिथेच असतो. आकडेही तिथे रोमनच.

पायरी १: सर्व्हर कोणतं कॉन्फिगरेशन वाचतोय ते बघा

आधी रूट अधिकाराने एंजिनएक्स -टी चालवा, टी लहान. रूट नसाल तर प्रमाणपत्राची खासगी किल्ली वाचता येत नाही आणि नसलेला दोष दिसतो. ही चाचणी व्याकरण आणि कॉन्फिगरेशनमध्ये सांगितलेल्या फाइली उघडतात का, एवढंच तपासते. मागचं अ‍ॅप जिवंत आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

त्यानंतर मोठा टी, म्हणजे एंजिनएक्स -कॅपिटल टी. हा हुकूम इन्क्लूड केलेल्या सगळ्या फाइली जोडून संपूर्ण कॉन्फिगरेशन पडद्यावर ओततो. आपण बदललेली ओळ त्यात सापडली नाही, तर आपण चुकीची फाइल बदलतोय. बदल वाया जाण्याची दोन नेहमीची कारणं आहेत. कॉन्फ.डी फोल्डरमधून सहसा फक्त .कॉन्फ शेवट असलेल्या फाइली वाचल्या जातात, त्यामुळे नाव थोडं वेगळं ठेवलं की फाइल गुपचूप वगळली जाते. डेबियन आणि उबुंटूवरच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरचं नेमकं उलटं: तिथलं सगळं वाचलं जातं, तुम्ही 'असू दे' म्हणून शेजारी ठेवलेली .बॅक फाइलसुद्धा. मग चाचणीत 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' असा इशारा येतो, दोन्हींपैकी एकच सर्व्हर ब्लॉक (एका साइटच्या नियमांचा गट) चालतो आणि दुसऱ्यात केलेले बदल वाया जातात. जुन्या प्रती त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा.

बदल लागू करताना रीस्टार्टऐवजी रीलोड वापरा. रीलोडच्या वेळी कॉन्फिगरेशन चुकीचं निघालं तर एंजिनएक्स जुन्यावरच काम चालू ठेवतो, रीस्टार्टमध्ये मात्र साइट पूर्ण बंद पडते. या सोयीची दुसरी बाजूही आहे: काही ठिकाणी रीलोडचा हुकूम बिनतक्रार संपतो, पण नवं काहीच लागू झालेलं नसतं. म्हणून रीलोडनंतर एरर लॉगवर नजर टाकायचीच. वेबसॉकेटसारखी लांब चालणारी जोडणी असेल, तर जुने वर्कर (एंजिनएक्सच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) ती संपेपर्यंत जुन्या कॉन्फिगरेशनवरच राहतात. पीएसच्या (चालू प्रक्रियांच्या) यादीत ते 'शटिंग डाउन' असे दिसतात.

पायरी २: ब्राउझर बाजूला ठेवा

ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. एकदा चुकीचं कायमचं रीडायरेक्ट दिलं गेलं, की सर्व्हर दुरुस्त केल्यावरही तुम्हाला जुनंच दिसत राहतं. त्यामुळे तपासणी कर्लने, म्हणजे कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने, करा. -आय हा पर्याय सोपा आहे, पण तो गेट (पूर्ण पान मागणारी) नाही तर हेड (फक्त हेडर, म्हणजे उत्तरासोबतची माहिती मागणारी) विनंती पाठवतो आणि काही अ‍ॅप दोन्हींना वेगवेगळी उत्तरं देतात. खरी गेट पाठवून फक्त हेडर पाहायचे असतील तर -एस, -ओ /डेव्ह/नल आणि -कॅपिटल डी - असे तीन पर्याय जोडा.

आता तीच विनंती तीन ठिकाणी पाठवा. आधी सर्व्हरवर बसून थेट अ‍ॅपला, उदाहरणार्थ १२७.०.०.१ च्या पोर्ट ३००० वर, होस्ट हेडरमध्ये साइटचं खरं नाव घालून. मग त्याच मशीनवरून एंजिनएक्सला. इथे --रिझॉल्व्ह हा पर्याय वापरला की डीएनएस आणि सीडीएन टाळून, पण योग्य नावानं आणि योग्य प्रमाणपत्रासह विनंती जाते. शेवटी बाहेरच्या एखाद्या मशीनवरून नेहमीसारखी. ज्या दोन टप्प्यांमध्ये उत्तर बदललं, बिघाड त्यांच्या मध्ये आहे. अ‍ॅप थेट विचारल्यावरही ५०० देत असेल तर एंजिनएक्सची फाइल बंद करा आणि अ‍ॅपचा लॉग उघडा.

भलतीच साइट उघडत असेल तर कारण बहुधा डीफॉल्ट सर्व्हर हे असतं. होस्टचं नाव कोणत्याच सर्व्हर_नेमशी जुळलं नाही, की एंजिनएक्स त्या पोर्टवरचा डीफॉल्ट_सर्व्हर म्हटलेला ब्लॉक वापरतो, आणि तसा कुठला नसेल तर वाचनाच्या क्रमात पहिला आलेला. नावातली स्पेलिंगची चूक त्यामुळे एरर न देता दुसऱ्याच साइटचं पान दाखवते.

पायरी ३: लॉगला बोलतं करा

एरर लॉग सहसा /व्हार/लॉग/एंजिनएक्स या फोल्डरमध्ये असतो. अ‍ॅक्सेस लॉगचा मूळ नमुना मात्र प्रॉक्सीच्या (विनंती मागे पोहोचवण्याच्या) बिघाडासाठी तोकडा आहे. लॉग_फॉरमॅटमध्ये हे पाच व्हेरिएबल घाला: $अपस्ट्रीम_अ‍ॅड्र, $अपस्ट्रीम_स्टेटस, $अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम, $रिक्वेस्ट_टाइम आणि $अपस्ट्रीम_कॅशे_स्टेटस. हे काम बिघाड होण्याआधी केलेलं उत्तम.

अपस्ट्रीम म्हणजे मागचं अ‍ॅप. अपस्ट्रीम स्टेटसच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली, तर एंजिनएक्सनं मागे कोणाला विचारलंच नाही. उत्तर त्याचं स्वतःचं किंवा कॅशेमधलं आहे. तिथे ४०३ (प्रवेश नाकारला) असेल तर तो ४०३ अ‍ॅपनेच दिला. रिक्वेस्ट टाइम मोठा आणि अपस्ट्रीमचा वेळ छोटा असेल, तर अ‍ॅप चपळ आहे, ग्राहकाचं नेटवर्क संथ आहे. निम्म्याहून अधिक वादांचा निकाल या एका ओळीत लागतो.

प्रॉक्सी: कोडवरून कारणाकडे

५०२ म्हणजे मागून धड उत्तर मिळालं नाही. पण तो एकच आकडा चार वेगळ्या आजारांवर लागतो, म्हणून एरर लॉगमधलं वाक्य वाचल्याशिवाय काही बदलू नका. 'कनेक्शन रिफ्यूज्ड', क्रमांक १११: त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही. एसएस -टीएलएनपी चालवून अ‍ॅप कोणत्या पोर्टवर, कोणत्या पत्त्यावर ऐकतंय ते पाहा. एंजिनएक्स कंटेनरमध्ये असेल, तर तिथला १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, यजमान मशीन नव्हे. लोकलहोस्ट हे नाव दिलं असेल तर ते आयपीव्ही६ च्या पत्त्याकडेही जातं आणि अ‍ॅप फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असलं, की लॉगमध्ये अधूनमधून नापास जोडण्या दिसतात. आकड्यातला पत्ताच लिहा.

'परमिशन डिनाइड', क्रमांक १३: युनिक्स सॉकेटची (त्याच मशीनवर फाइलमार्गे होणाऱ्या जोडणीची) परवानगी नाही, किंवा रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्सनं (लिनक्सच्या जादा सुरक्षा व्यवस्थेनं) नेटवर्क जोडणी अडवली आहे. दुसऱ्या प्रकारात एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे बूलियन सेटएसईबूल -कॅपिटल पी ने चालू करायचं. अख्खं एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका. 'टू बिग हेडर' असं लिहिलं असेल तर अ‍ॅपनं मोठ्या कुकी पाठवल्या आहेत आणि ४ किंवा ८ किलोबाइटचा प्रॉक्सी_बफर_साइझ पुरत नाही. १६ करून पाहा, सोबत प्रॉक्सी_बफर्सही वाढवा, नाहीतर कॉन्फिगरेशनची चाचणी नापास होऊ शकते. 'प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन' म्हणजे अ‍ॅपनं मध्येच मान टाकली, बहुधा मेमरी संपून. त्याचं औषध एंजिनएक्समध्ये नाही.

५०४ म्हणजे वाट पाहून कंटाळा. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो, आणि तो एकूण वेळ नसून दोन वाचनांमधलं जास्तीत जास्त अंतर आहे. वाढवण्याआधी एक प्रश्न विचारा: हे काम खरंच मिनिटभर चालायला हवं का? ४९९ दिसला तर ग्राहकच आधी निघून गेला. एंजिनएक्सच्या पुढे कमी टाइमआउटचा लोड बॅलन्सर असला की हा आकडा रांगेनं दिसतो. फाइल अपलोड करताना ४१३ (मजकूर फार मोठा) आला आणि अ‍ॅपच्या लॉगमध्ये काहीच नाही, तर क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ बघा. मूळ मर्यादा फक्त १ मेगाबाइट आहे.

आता ती बदनाम तिरकी रेघ. लोकेशन (एखाद्या पाथसाठीच्या नियमांचा ब्लॉक) /एपीआय/ आहे आणि प्रॉक्सी_पास (विनंती मागे कुठे पाठवायची तो पत्ता) मध्ये पोर्टनंतर काहीच नाही: /एपीआय/यूजर्स जशीच्या तशी मागे जाते. पोर्टनंतर एकच / घातली: जुळलेला भाग कापून तिथे ती / बसते आणि अ‍ॅपला फक्त /यूजर्स मिळतं. अ‍ॅपकडून ४०४ येत असेल तर त्याच्या लॉगमध्ये कोणता पाथ पोहोचला ते बघा, अंदाज लढवू नका. लोकेशनच्या शेवटी / नाही आणि प्रॉक्सी_पासच्या शेवटी आहे, अशी विजोड जोडी असेल तर अ‍ॅपला दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पाथ मिळतो.

हेडरचा घोळ याच्या खालोखाल. वेगळं सांगितलं नाही तर एंजिनएक्स मागे पाठवताना होस्ट म्हणून प्रॉक्सी_पास मधलंच नाव देतो, म्हणून अ‍ॅपनं बनवलेल्या लिंक १२७.०.०.१ कडे जातात. उपाय: प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट. पान न संपणाऱ्या रीडायरेक्टमध्ये अडकलं असेल, तर एचटीटीपीएस एंजिनएक्सवर संपतंय, अ‍ॅपला साधं एचटीटीपी दिसतंय आणि ते पुन्हा पुन्हा सुरक्षित पत्त्याकडे ढकलतंय. त्यासाठी एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमध्ये $स्कीम (विनंती एचटीटीपी की एचटीटीपीएस) पाठवा. एचटीटीपीएस एंजिनएक्सच्याही आधी, लोड बॅलन्सरवर संपत असेल तर $स्कीम स्वतःच एचटीटीपी असतो; तेव्हा आलेला हेडर तसाच पुढे द्यायचा. वेबसॉकेटसाठी प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१, अपग्रेड हेडरमध्ये $एचटीटीपी_अपग्रेड आणि कनेक्शन हेडरमध्ये 'अपग्रेड' हे तिन्ही लागतात; दोनांवर भागत नाही.

हे सगळं लिहूनही हेडर पोहोचत नसतील तर वारशाचा नियम आठवा. प्रॉक्सी_सेट_हेडरच्या वरच्या पातळीवरच्या ओळी खालच्या ब्लॉकला तेव्हाच मिळतात, जेव्हा खालच्या ब्लॉकमध्ये त्या प्रकारची एकही ओळ नसते. सर्व्हर ब्लॉकमध्ये चार हेडर आणि लोकेशनमध्ये पाचवा लिहिला, की आधीचे चारही गेले. अ‍ॅड_हेडर नेमकं असंच वागतं.

मागचा सर्व्हर नावानं दिला असेल, तर ते नाव साधारणपणे सुरुवातीला किंवा रीलोडच्या वेळी एकदाच सोडवलं जातं. मागचा आयपी बदलला की एंजिनएक्स जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो आणि रीलोड केलं की 'आपोआप' बरं होतं. रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हरचा पत्ता) देऊन प्रॉक्सी_पास मध्ये व्हेरिएबल वापरलं की हा प्रश्न सुटतो, मात्र तेव्हा पाथ कापण्याची वरची सोय तशी चालत नाही.

कॅशे: साठत का नाही, आणि साठतंय ते बरोबर आहे का

पहिल्यांदा डोळे बसवा. अ‍ॅड_हेडर एक्स-कॅशे-स्टेटस $अपस्ट्रीम_कॅशे_स्टेटस ऑलवेज. ऑलवेज नसेल तर हा हेडर ४०४ किंवा ५०० वर दिसत नाही. आता कर्लनं तोच पत्ता दोनदा मागवा: पहिल्यांदा मिस, दुसऱ्यांदा हिट आला पाहिजे.

कायम मिसच येत असेल तर या क्रमानं बघा. अ‍ॅपच्या उत्तरात सेट-कुकी आहे का? असेल तर एंजिनएक्स ते साठवत नाही. अनेक फ्रेमवर्क प्रत्येक पाहुण्याला सेशन कुकी देतात आणि कॅशे अशानं कायम रिकामा राहतो. कॅशे-कंट्रोल मध्ये प्रायव्हेट, नो-कॅशे किंवा नो-स्टोअर आहे का? अ‍ॅपकडून मुदतीचा कोणताच हेडर येत नाही आणि प्रॉक्सी_कॅशे_व्हॅलिडही (साठवणीची तुम्ही दिलेली मुदत) लिहिलेलं नाही, असं तर नाही? आणि दोन्ही असतील तर अ‍ॅपच्या हेडरचा शब्द वरचढ ठरतो, तुम्ही लिहिलेल्या मुदतीचा नाही. प्रॉक्सी_बफरिंग बंद असेल तर साठवण होतच नाही. स्टेटसच्या जागी काहीच येत नसेल तर त्या लोकेशनला प्रॉक्सी_कॅशे लागूच झालेलं नाही.

सेट-कुकी अडवते म्हटल्यावर प्रॉक्सी_इग्नोअर_हेडर्स सेट-कुकी लिहायचा मोह होतो. फक्त तेवढंच लिहिलं तर एका माणसाची सेशन कुकी कॅशेत जाऊन पुढच्या प्रत्येकाला वाटली जाते. सोबत प्रॉक्सी_हाइड_हेडर सेट-कुकी हवंच, आणि तेही फक्त अशा पानांवर जी सगळ्यांना सारखीच दिसतात.

तशीच दुसरी खाच: विनंतीत ऑथोरायझेशन हेडर आहे म्हणून एंजिनएक्स साठवण टाळत नाही. लॉग-इन अ‍ॅप तपासत असेल, तर एका वापरकर्त्याचं उत्तर कॅशेत बसतं आणि दुसऱ्याला अ‍ॅपला न विचारताच मिळतं. यावर दोन ओळी लागतात, प्रॉक्सी_कॅशे_बायपास आणि प्रॉक्सी_नो_कॅशे, दोन्हींत $एचटीटीपी_ऑथोरायझेशन आणि सेशन कुकीचं व्हेरिएबल. बायपास म्हणजे 'साठवलेलं देऊ नको', नो-कॅशे म्हणजे 'हे उत्तर साठवू नको'. नुसतं बायपास लिहिलं तर खासगी उत्तर आत साठतं आणि पुढच्या कुकी नसलेल्या पाहुण्याच्या हाती पडतं.

एका साइटचं पान दुसऱ्या साइटवर दिसतंय? मूळ प्रॉक्सी_कॅशे_की (साठवलेलं उत्तर शोधण्याची किल्ली) मध्ये $स्कीम, $प्रॉक्सी_होस्ट आणि $रिक्वेस्ट_यूआरआय असतं. यातला प्रॉक्सी होस्ट हा मागच्या सर्व्हरचा, ग्राहकानं टाइप केलेला नव्हे. दोन साइट एकाच अपस्ट्रीमकडे जात असतील आणि कॅशेचा झोनही एकच असेल, तर दोन्हींची किल्ली तीच. की मध्ये $होस्ट घाला.

जागेचा हिशोब सोपा आहे. कीज_झोन मधल्या १ मेगाबाइटमध्ये सुमारे ८,००० किल्ल्या मावतात, म्हणून १० मेगाबाइट छोट्या साइटला पुष्कळ झाले. इनअ‍ॅक्टिव्ह मुळात १० मिनिटं असतो: तेवढ्या वेळात कोणी मागितलं नाही तर मुदत शिल्लक असली तरी ते पान पुसलं जातं. व्हॅलिड एक दिवस लिहूनही कमी वर्दळीची पानं टिकत नाहीत, त्याचं कारण हेच. मॅक्स_साइझ (कॅशेची कमाल जागा) द्यायला विसरू नका.

प्रवेश नियंत्रण

४०३ तीन वेगळ्या दारांतून येतो आणि एरर लॉग त्यांना वेगळी वाक्यं देतो. 'अ‍ॅक्सेस फॉरबिडन बाय रूल' म्हणजे डिनाय लागला. 'डिरेक्टरी इंडेक्स ऑफ … इज फॉरबिडन' म्हणजे फोल्डर मागितलं, पण त्यात इंडेक्स फाइल नाही. बऱ्याचदा रूट डायरेक्टिव्हमधला, म्हणजे साइटच्या फोल्डरचा, पाथ चुकलेला असतो. 'परमिशन डिनाइड' म्हणजे फाइल सिस्टिमनं अडवलं. तेव्हा नेमआय -एल ला पूर्ण पाथ द्या: वर्करच्या वापरकर्त्याला मुळापासून प्रत्येक फोल्डरवर एक्स (आत शिरण्याची) परवानगी हवी, नुसती शेवटच्या फाइलवर नाही. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली साइट इथेच अडते. ७७७ देऊन सोडवू नका.

अलाउ आणि डिनाय वरून खाली वाचले जातात, पहिला जुळलेला नियम अंतिम. डिनाय ऑल वर लिहून खाली अलाउ लिहिलं तर ते अलाउ शोभेचं. वारसा इथेही हेडरसारखाच आहे, पण परिणाम जास्त गंभीर. सर्व्हर ब्लॉकमध्ये डिनाय ऑल आहे आणि एका लोकेशनमध्ये फक्त 'अलाउ १०.०.०.५' लिहिलं. हेतू असा, की तिथे तेवढाच एक पत्ता चालावा. पण लोकेशनमध्ये स्वतःचा नियम आल्यामुळे वरचा डिनाय तिथे लागूच होत नाही, आणि कुठलाच नियम न जुळणाऱ्याला प्रवेश मिळतो. म्हणजे ते लोकेशन सगळ्या जगाला उघडं. अलाउ लिहिलेल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये डिनाय ऑल पुन्हा लिहायचं.

लोकेशन निवडीचा क्रम न कळल्यानंही कुलूप निसटतं. = असलेलं नेमकं जुळलं की शोध संपतो. नाहीतर सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पाथचा सुरुवातीचा भाग) लक्षात ठेवला जातो. त्याला ^~ असेल तर तोच अंतिम. नसेल तर ~ वाले रेगेक्स (मजकुराच्या नमुन्यावरून जुळवणारे) फाइलमधल्या क्रमानं तपासले जातात आणि पहिला जुळलेला जिंकतो. म्हणून /अ‍ॅडमिन/ वर पासवर्ड लावला आणि खाली .पीएचपी साठी रेगेक्स लोकेशन आहे, तर /अ‍ॅडमिन/इंडेक्स.पीएचपी त्या रेगेक्सकडे जातं, पासवर्ड न विचारता. लोकेशन ^~ /अ‍ॅडमिन/ करा आणि पीएचपी हाताळणारा ब्लॉक त्याच्या आत पुन्हा द्या.

डिनाय ऑल च्या शेजारी रिटर्न लिहिलं असेल तर डिनाय निरुपयोगी आहे. रिटर्न रीराइटच्या टप्प्यात चालतं आणि तो टप्पा प्रवेश तपासणीच्या आधी येतो. एलियासमध्येही (लोकेशनला डिस्कवरच्या फोल्डरशी जोडणारं डायरेक्टिव्ह) अशीच एक फट आहे: लोकेशन /फाइल्स आणि एलियास /डेटा/फाइल्स/ अशी जोडी लिहिली, तर /फाइल्स../ मागून /डेटा मधल्या इतर गोष्टी काढता येतात. लोकेशनच्या शेवटीही / द्या.

पासवर्डसाठी ऑथ_बेसिक. त्याची फाइलच सापडली नाही तर ४०३ येतो, आणि फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही तर ५००. हा फरक लक्षात ठेवला की शोध लवकर संपतो. कार्यालयातल्यांना थेट आणि बाहेरच्यांना पासवर्डनं आत घ्यायचं असेल तर सॅटिस्फाय एनी लिहा. मूळ वागणूक ऑल आहे, म्हणजे दोन्ही अटी लागतात.

लोड बॅलन्सरच्या मागे आयपीचे नियम एकतर सगळ्यांना अडवतात नाहीतर सगळ्यांना सोडतात, कारण एंजिनएक्सला प्रत्येक विनंती बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. सेट_रिअल_आयपी_फ्रॉम मध्ये बॅलन्सरचा पत्ता, रिअल_आयपी_हेडर मध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ ग्राहकाचा पत्ता सांगणारा हेडर) आणि रिअल_आयपी_रिकर्सिव्ह ऑन द्या. पहिल्या ओळीत ०.०.०.०/० लिहिलं तर कोणीही हेडरमध्ये हवा तो पत्ता लिहून अलाउच्या यादीत बसू शकतो. आणि ग्राहक आयपीव्ही६ वरून येत असेल तर आयपीव्ही४ चा अलाउ त्याला लागू होत नाही. नियम बरोबर दिसूनही एखाद्यालाच ४०३ येतो, तेव्हा अ‍ॅक्सेस लॉगमधला पत्ता आधी बघा.

नियम लिहून झाले की परवानगी नसलेल्या पत्त्यावरून कर्ल चालवा आणि मूळ पाथ, शेवटी / नसलेला पाथ, .पीएचपी असलेला पाथ आणि /.गिट/कॉन्फिग असे चार वेगवेगळे पत्ते मागवा. पहिल्या तीनमध्ये २०० येता कामा नये. / नसलेल्याला ३०१ आला तर चालेल, पण तो जिथे पाठवतो तोही पत्ता तपासा. चौथ्याला ४०३ किंवा ४०४ हवा. कॅशे चालू असेल तर हीच फेरी परवानगी असलेल्या पत्त्यावरून पान एकदा उघडून कॅशेत बसवल्यानंतर पुन्हा मारा.